रंग पाहणारी सासू

मला पाहायला आल्या तेव्हाच सासूबाई माझ्यासमोर म्हणाल्या होत्या की पोरगी शिकलेली आहे, पण रंग काळा आहे. लग्न होऊन मी अकोल्याला आले. पुढची नऊ वर्षं घरी पाहुणे आले की त्या मला स्वयंपाकघरातून बाहेर येऊ देत नसत. मी शाळेत विज्ञान शिकवते. दिवसातले सहा तास तरी त्यांचं तोंड पाहावं लागायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी उजव्या मनगटावर पांढरे ठिपके दिसले. खडू लागला असेल म्हणून मी हात धुतले. महिन्याभरात ओठाच्या कडेलाही डाग आला. सासूबाईंनी माझा कप वेगळा ठेवला आणि एक दिवस माझ्या हातची भाकर ताटातून बाजूला सारली.

"हे कोड आहे. तुह्या मायबापानं लपवून लगन लावून देलं."

नवरा मोबाइल पाहत जेवत राहिला. सासूबाईंपेक्षा त्याचाच राग मला जास्त आला. तो राग अजून गेलेला नाही.

अमरावतीला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे मी एकटीच गेले. त्यांनी समजावून सांगितलं. कातडीतल्या काही पेशी मेलॅनिन नावाचा रंग बनवतात आणि शेजारच्या पेशींना वाटतात. गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात या पेशी जवळपास सारख्याच संख्येनं असतात. कोणाच्या पेशी कोणता रंग आणि किती बनवतात, तेवढाच फरक. माझ्या शरीराची रोगाशी लढणारी ताकदच या पेशींवर उलटली होती. शिवल्यानं हे पसरत नाही. हे सगळं मी स्वतः वर्गात शिकवलेलं, तरी तिथं बसून रडले.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी तोंड फिरवलं. तेव्हा मी म्हटलं, "नऊ वर्षं तुमाले मी गोरी पाह्यजे होती. आता होऊन राहिली, तर कप काहून वेगळा केला?"

त्या म्हणाल्या की माझीच जीभ फार लांब झाली आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांचा स्वयंपाक बंद केला. नवऱ्यानं समजूत घालून पाहिली, तर त्यालाही सांगितलं की आईसोबत जेव. आता घरात दोन चुली आहेत.

औषध आणि उजेडाचे उपचार चालू आहेत. मनगटावर केसांच्या मुळांशी काळे ठिपके उमटू लागलेत, म्हणजे रंग परत येतोय; ओठ तसाच आहे. परवा सासूबाईंनी दारातून विचारलं, डॉक्टर काय म्हणते. मी वह्या तपासत राहिले.