पुडिंग म्हणजे शिरा समजावा

वडिलांना गेल्या शतकातल्या इंग्रज लेखकांचं वेड होतं. नाशिकला पोस्टात कारकुनी, इंग्रजी बेताचंच; पण संध्याकाळी शब्दकोश मांडीवर घेऊन बसायचे आणि ओळींच्या वर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहीत जायचे. त्या कादंबऱ्यांत काही घडतच नाही, अशी माझी तक्रार असायची. पाऊस पडतो, चहा होतो, कुणीतरी युद्धावरून परत येतं आणि गप्प बसतं. वडील म्हणायचे, ही माणसं दुसऱ्याचा पाय आपल्या पायावर पडला तरी स्वतःच सॉरी म्हणतात आणि मग तीनशे पानं मनात कुढतात. आपल्या घरात वेगळं काय चालतं?

ते गेले तेव्हा मी इथे कुवेतच्या इस्पितळात, लॅबमध्ये ड्यूटीवर होते. पोचले तिसऱ्या दिवशी. परतायच्या आदल्या दिवशी भावानं पुस्तकं रद्दीसाठी बांधून ठेवली, त्यातलं एक मी काढून घेतलं. एकच, कारण बॅगेत लोणचं आणि पापड भरले होते. हे लिहितानाही लाज वाटते. फोन स्वस्त झाल्यापासून आम्ही एकमेकांना पत्रं लिहिलीच नव्हती, त्यामुळे त्यांचं अक्षर माझ्याकडे उरलं ते तेवढंच.

इथल्या खैतान भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ते पुस्तक मी अधूनमधून उघडायचे. गोष्ट कधी धड वाचली नाही; वाचायचे ते वडिलांना. ‘पुडिंग’वर लिहिलेलं: शिरा समजावा. नवराबायको एक अक्षर न बोलता जेवतात, त्या पानाच्या समासात: आमच्याकडेही.

यंदा मुलीच्या शाळेत नेमकी तीच कादंबरी लागली. नवी प्रत आणू म्हटलं, तर तिला आजोबांचीच हवी होती. मला कोण आनंद झाला. आजोबा आता नातीला शिकवतील, असं काहीबाही मनात आलं. तिला मराठी ऐकून कळतं, वाचता येत नाही, हे मी तेव्हा सोयीस्कर विसरले.

शुक्रवारी इथे शाळेला सुट्टी; मी ड्यूटीवरून आले, तर जेवणाच्या टेबलावर खोडरबराचा काळा चुरा पडलेला. मुलगी खुशीत होती. शाळेत सगळ्यांची पुस्तकं कोरी असतात, म्हणून सकाळपासून बसून तिनं अख्खं पुस्तक साफ केलं होतं, एकही पान न फाडता.

मी ओरडले नाही. ओरडायचं कुणावर? या सुट्टीत बाराखडी, पुढच्या सुट्टीत नक्की, असं करत मीच बारा वर्षं ढकलली होती. पुस्तक खिडकीशी तिरपं धरून पाहिलं. कुठेकुठे पेन्सिलीचा खळगा दिसत होता, पण अक्षर लागत नव्हतं. टेबल पुसायला फडकं घेतलं आणि परत ठेवून दिलं. त्या चुऱ्यात माझे वडील होते.

शेवटच्या पानावर मात्र दोन शब्द शाबूत होते. ते त्यांनी शाईनं लिहिले होते. मुलीनं तिथे कागद पातळ होईपर्यंत घासलं होतं.

‘दिस वन वोन्ट गो,’ ती म्हणाली. ‘व्हॉट डझ इट से?’

‘समजलं नाही,’ मी वाचून दाखवलं.

एरवी इंग्रजीतच उत्तर देणारी माझी मुलगी हळूच मराठीत म्हणाली, ‘तुला पण नाही?’