गणिताचा पेपर आणि आक्काचं अक्षर

ज्या लातुरात घरटी एक गणिताचा क्लास आहे, त्या गावात राहून गणितात अकरा वेळा नापास होण्याचं धैर्य एकाच व्यक्तीनं दाखवलं, आणि ती माझी आतेबहीण आहे. सगळी गल्ली तिला आक्का म्हणते. आमच्या गल्लीच्या दोन्ही तोंडांना क्लासवाल्यांचे बोर्ड आहेत, आणि त्यावरची पोरं पैकीच्या पैकी मार्क पडल्यामुळे दचकल्यासारखी दिसतात. त्यांच्याखालून आक्का चाळीस वर्षं ये-जा करते आहे. तिला त्या पोरांचं कौतुक नाही, असूयाही नाही. मात्र बोर्डावरच्या शुद्धलेखनाच्या चुका ती क्लासवाल्यांना घरी जाऊन सांगते, आणि म्हणून तिला बरेच जण टाळतात.

आक्का छापलेलं काहीही वाचते. दिवाळी अंक, पंचांग, भज्यांचा कागद, एसटीच्या तिकिटामागची बारीक अक्षरं. आत्या आजारी होती तेव्हा औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद तिनं असा रंगवून वाचून दाखवला की आत्या म्हणाली, "गोळी नको, पुन्हा एकदा वाच." आणि लिहिणं तर विचारू नका. गल्लीतले अर्ज, तक्रारी, लग्नपत्रिका, श्रद्धांजल्या सगळं तिच्याच हातचं. एका माणसानं जिवंतपणीच स्वतःची श्रद्धांजली तिच्याकडून लिहून घेतली आणि फ्रेम करून बैठकीत लावली, कारण तेवढं चांगलं त्याच्याबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं.

गणित मात्र ती सोडवत नसे, वाचत असे. बापाचं वय लेकाच्या तिप्पट कधी होईल, या प्रश्नाखाली तिनं पेपरात लिहिलं होतं, 'तोवर वडील हयात असतील असे गृहीत धरणे योग्य नाही.' शून्य मार्क पडले. पुढं काही वर्षांनी तिचे वडील, आमचे अप्पा, कचेरीत फायली बांधता बांधताच गेले. शिपाई होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

अप्पांच्या जागी अनुकंपावर आक्काला घ्यायचं ठरलं. घरात दुसरं मिळवतं कुणी नव्हतं, आत्यानं अंथरूण धरलेलं. अनुकंपाच्या यादीत नाव लागलं. दोनदा तिचा नंबर आला आणि दोन्ही वेळा दहावी पासच्या अटीपाशी अडून मागं गेला. मराठीत तिला कायम नव्वदच्या वर मार्क. पण पाणी भरायला आणि टपाल पोचवायला गणित लागतं, असं सरकारचं मत होतं. त्यातून वयाची अट पंचेचाळीस. आक्काला शाळेत घातलं तेव्हा तिच्या जन्माची नोंद कुणाकडंच नव्हती. गुरुजींनी पोरीकडं एकदा बघितलं, आत्यानं अंदाजानं सांगितलेल्या वयात दोन वर्षं वाढवली आणि सगळ्यांना लावत तशी एक जून ही तारीख लावून टाकली. त्या हिशोबानं यंदाच्या एक जूनला आक्का पंचेचाळीस पूर्ण करून यादीतून बाद होणार होती. म्हणजे मार्चची परीक्षा शेवटची.

गल्लीतल्या एका क्लासवाल्या सरांनी तिला शिकवायचं कबूल केलं. त्यांचं दरवर्षीचं सत्काराचं भाषण आक्काच लिहून देते. त्यातल्या स्वतःच्या खडतर बालपणाला सर दरवेळी एकाच ठिकाणी रडतात. बालपण अर्थात आक्काचं. पहिल्याच दिवशी सरांनी दोन नळांनी टाकी भरण्याचं उदाहरण घातलं.

"सर, ह्ये गाव कंचं?" आक्कानं विचारलं. "आमच्याकडं एका नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई."

"आक्का, तुम्ही गणित वाचू नका. सोडवा."

"वाचल्याबिगर कसं सोडवू, सर?"

पंधरा दिवसांत सरांचं डोकं दुखायला लागलं. शेवटी तोडगा आक्कानंच काढला. भूमितीची सगळी प्रमेयं तिनं सिद्धतेसकट पाठ केली. भाकरी थापताना ती पायथागोरस म्हणत असे, आणि पलीकडून आत्या हात जोडत असे.

मार्च गेला. मे संपला. निकाल लागला जूनच्या पहिल्या आठवड्यात. गणितात पस्तीस! सरांनी पेढे आणले. आक्कानं एक उचलला आणि हातातच धरून बसली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं आमच्यापैकी कुणी बघितलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी अप्पांच्या कचेरीतले एक बाबू आले. अवघड पत्रांचे मसुदे ते नेहमी आक्काकडून करून घेत. त्या दिवशी चपला काढायलाच त्यांना बराच वेळ लागला.

"आक्का, यादीतून नाव कमी केल्याचं पत्र काढायचंय. मला असलं लिहाय जमत न्हाई."

"बसा. कुणाच्या नावानं काढायचं?"

बाबूंनी पिशवीतून कोरा कागद काढून तिच्यापुढं ठेवला. "तुमच्याच."

मी उठून उभा राहिलो. काय बोललो ते आता आठवत नाही, पण चांगलं बोललो नसणार. आक्कानं मला हातानं खाली बसवलं.

"गप रे. ह्यांनी लिहिलं तर चार चुका करतील, आन् त्या माझ्या नावाखाली जातील."

मग तिनं लिहिलं. विषय, संदर्भ, वयोमर्यादेचा नियम. आणि शेवटी एक ओळ: 'आपण इतकी वर्षे वाट पाहिलीत, याचा या कार्यालयास खेद वाटतो.'

बाबूंनी ते वाचून चष्मा पुसला. "आक्का, सरकारला खेद वाटत नसतो. साहेब काटतील ही ओळ."

"काटू द्या. तुम्ही नका काटू."

आठ दिवसांनी टपालानं पत्र आलं, सही-शिक्क्यानिशी. खेदाची ओळ तशीच होती. साहेबांनी बहुधा तिथवर वाचलंच नसावं. आक्कानं मात्र दारात उभी राहून ते दोनदा वाचलं, सावकाश, जणू दुसऱ्याच कुणीतरी तिला लिहिलं होतं.