कुसुमताईंचं मशीन दिसत नव्हतं

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही, आणि तिच्यापासून मी तसं काही लपवत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही कुसुमताईंना ओळखत नव्हता, म्हणून.

ऐकायला गोष्ट अगदी किरकोळ आहे. ऑफिसातला एक कॉम्प्युटर नेटवर्कवर दिसत नव्हता. बस. त्यात कबूल करण्यासारखं काय असणार?

जबलपूरच्या एका सरकारी कार्यालयात मी नवा लागलो होतो. कॉम्प्युटरही नवेच होते. ते एकमेकांना जोडायचं काम माझ्याकडे आलं, कारण इतर कुणाला त्यातलं काही कळत नव्हतं. मलाही फारसं कळत नव्हतं — पण हे फक्त मला ठाऊक होतं.

कुसुमताई वैरागडे तिथे वरिष्ठ होत्या, जवळजवळ माझ्या आईच्या वयाच्या. माहेर अमरावतीकडचं, घर जबलपुरातच, मदन महल भागात. दिवसभर सगळ्यांशी हिंदी. डबा उघडला की आम्ही दोघं मराठीवर यायचो. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात एकटा बसलो होतो, तर म्हणाल्या, "काहून घाबरून राहिला रे, विनू? इकडे ये." त्यानंतर मी कधी एकटा जेवलो नाही.

नव्या कॉम्प्युटर विभागाच्या त्या प्रमुख होणार, हे जवळपास ठरलं होतं. त्यासाठी त्या ऑफिस सुटल्यावर क्लासला जायच्या — मुलीच्या वयाच्या पोरांमध्ये बसून शिकायच्या. नवरा गेल्यापासून त्यांना एवढं खुशीत कुणी पाहिलं नव्हतं म्हणे.

मी मुद्द्यावर येत नाहीये, कळतंय मला.

वरून तपासणी आली त्या दिवशी सगळ्यांची कामं साहेबांच्या खोलीतल्या पडद्यावर दाखवायची होती. सगळ्यांची मशीन दिसत होती. ताईंचं नव्हतं. तपासणीला आलेल्या पाहुण्यांसमोर साहेब बाहेर येऊन ओरडले, "क्या छेड़ दिया आपने, मैडम?" ताई म्हणाल्या, "कुछ नहीं किया, सर." साहेबांनी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं — पण आवाज उतरला होता.

मी बसलो. वायर काढून लावली. सगळ्या वायरी ज्या नेटवर्कच्या डब्यात येत होत्या, त्यावरचा दिवा लुकलुकत होता, म्हणजे वायर ठीक. मशीन बंद करून चालू केलं. तरी नाही. मग ग्रुपचं नाव उघडलं. ऑफिसातल्या सगळ्या मशीनना एकाच ग्रुपचं नाव द्यायचं असतं, तेव्हा ती एका यादीत दिसतात. ताईंच्या मशीनवर त्या नावात एक अक्षर कमी होतं. त्यामुळे ते मशीन आपल्या वेगळ्याच ग्रुपमध्ये एकटं पडलं होतं.

ते नाव मी टाकलं होतं. आदल्याच दिवशी, घाईत. ताईंचा त्या जागी हातही लागला नव्हता.

मी अक्षर घातलं, मशीन पुन्हा सुरू केलं. ते दिसायला लागलं. साहेबांनी विचारलं, "क्या था?"

उत्तर केवढंसं होतं! माझी चूक, सर — एवढंच ना? चार शिव्या बसल्या असत्या. आणि मी म्हणालो, "मैडम से सेटिंग बदल गई थी, सर."

ताई माझ्यामागेच उभ्या होत्या. मला वाटलं, आता बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. हळूच म्हणाल्या, "झालं असंल रे माझ्याच हातून."

विभाग माझ्याकडे आला. ताईंना टपालाच्या टेबलावर बसवलं. क्लास त्यांनी सोडला. डबा आम्ही तरीही एकत्रच खायचो — तुम्हीच सांगा, घास कसा उतरत असेल? उतरायचा. हेच तर सांगायचं आहे. उतरायचा.

निवृत्तीनंतर त्या आजारी पडल्या तेव्हा भेटायला गेलो. मुलगी परदेशात, तिने लॅपटॉप पाठवला होता, आईला नातू दिसावा म्हणून. तो खोक्यातच होता. मी म्हटलं, "ताई, लावून देऊ?" त्यांनी दोन्ही हात गोधडीखाली घेतले. "ना बा. माझा हात लागला का बिघडते. तुले तर माहीत आहे." आणि मग, "तू होतास म्हणून त्या दिवशी निभावलं माझं."

खोलीत आम्ही दोघंच होतो. कुणी साहेब नव्हता, तपासणी नव्हती. कशाची भीती होती मला? मी चहा संपवला आणि निघालो.

तो नातू त्यांनी कधी पाहिला नाही.

तेराव्याला मुलगी आली होती. खूप रडली. फोनवर फोन केले, म्हणाली, किती समजावलं, पण आई त्या लॅपटॉपला शिवलीच नाही. मग डोळे पुसून मला म्हणाली, "तुम्ही तर इतकी वर्षं सोबत होतात, दादा. आईला मशीनमधलं काही जमतच नव्हतं, ना?"

मी म्हणालो, "हो."