आपल्यापेक्षा मोठे

मी नोकरीला लागले तेव्हा माझ्याबरोबर शिकलेल्या बायका मुख्याध्यापिका व्हायच्या बेतात होत्या. पदवी घेतल्यानंतरची वर्षे चामराजपुरमच्या घरातच गेली. मुले मोठी झाल्यावर एका मिशन शाळेत जीवशास्त्र शिकवू लागले. भाषावार राज्ये होऊन काही काळ लोटला होता आणि आमच्या भागात शाळेत कन्नडमधून शिकवायचे होते. कन्नड मला लहानपणापासून येत होती, पण शास्त्राचे शिक्षण इंग्रजीतून झालेले. फळ्यासमोर उभी राहिले की इंग्रजी, कन्नड आणि घरची मराठी यांची मनात गर्दी होई, आणि हाती लागेल तो पहिला शब्द मी पुढे करी. पाचव्या तासापर्यंत तेवढेही त्राण उरत नसे.

माझ्या वर्गाला लागून धर्मपाठाचा वर्ग होता. मध्ये फक्त लाकडी फळ्यांचा आडोसा. पलीकडे जे वृद्ध शिक्षक शिकवीत, त्यांना सगळी शाळा नुसते ‘मेष्ट्रु’, म्हणजे मास्तर, म्हणे. ते मला ‘ताई’ म्हणत. कन्नडमध्ये ताई म्हणजे आई. ते वयाने माझ्याहून कितीतरी मोठे. माझा मराठी कान मात्र दर वेळी बहीण ऐके आणि मी उगाच सुखावे. त्यांच्या धर्मग्रंथात जलप्रलयाआधी पृथ्वीवर वावरलेल्या महाकाय पुरुषांचा उल्लेख आहे. तो भाग आला की मेष्ट्रूंचा आवाज चढे, पलीकडची मुले एकदम शांत होत आणि माझी मुलेही वही सोडून आडोशाकडे पाहत.

त्या वर्षी मी आद्य मानवाचा धडा शिकवत होते. युरोपातल्या गुहांमध्ये ज्यांची हाडे सापडली ती माणसे आपल्यासारखी होती, पण आपली नव्हती. आपल्याआधीची होती, एवढेच सांगायचे होते. मी म्हणाले, “अवरु नमगिंत दोड्डवरु.” ते आपल्यापेक्षा मोठे. वडिलांच्या थोरल्या भावाला दोड्डप्पा म्हणतात, त्या अर्थाने.

“किती मोठे, मिस?” पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारले.

“खूपच,” मी म्हणाले, आणि घंटा झाली.

शाळा सुटल्यावर मेष्ट्रु नळापाशी माझी वाट पाहत उभे होते. छत्री काखेत, चेहरा उजळलेला.

“ताई, मी ऐकलं. तुम्ही स्वतः सांगितलंत. ते मोठे होते.”

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. तोवर ते पुढे बोलू लागले होते. त्यांचा मुलगा बंगळुरूला डॉक्टरकी शिकत होता. गेल्या सुटीत त्याने सांगून टाकले होते की, अप्पा, तुमचे महाकाय म्हणजे अज्जीच्या गोष्टी. तेव्हापासून तो चर्चला आला नव्हता.

“नाताळला येतोय. पलाव वाढून झाला की सांगणार आहे त्याला. म्हणावं, आमच्या शाळेतल्या बाई, शास्त्र शिकलेल्या, हिंदू, त्यांना माझी भीड पडायचं कारण नाही. त्या म्हणतात, गुहेतली ती माणसं अवाढव्य होती. म्हणजे आमच्या धर्मग्रंथातले तेच.”

मी मान हलवली. तिचा अर्थ हो असा झाला असावा.

घरी यजमानांना सांगितले. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले.

“म्हणजे तू राक्षसांच्या बाजूनं साक्ष दिलीस म्हण की.”

“थट्टा नका करू. ती माणसं आपल्याहून बुटकी होती.”

“असू देत की बिडी. म्हाताऱ्याला एक दिवस पलाव गोड लागला तर तुझ्या शास्त्राचं काय जातंय?”

“मुलगा हाडं शिकतोय. बापाला ताटावरच खोटं पाडेल.”

त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा उचलले. बिडी, म्हणजे सोडून द्या, हा आमच्या घरातला सगळ्यात वापरातला कन्नड शब्द. त्या दिवशी मला तो वापरता आला नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत मी मेष्ट्रूंच्या रिकाम्या वर्गात गेले.

“मेष्ट्रे, मी दोड्डवरु म्हटलं ते वयानं. उंचीनं नव्हे.”

“वयानं?”

“आपल्या आधीचे, असं. हाडं रुंद होती, जोर असेल. पण उंचीला आपल्यापेक्षा कमीच.”

त्यांनी खडूची डबी बंद केली. “पण मुलीनं किती मोठे विचारलं, तेव्हा तुम्ही खूपच म्हणालात.”

“तेही वयानंच.”

“मग आमचे कोण, ताई?”

“मला माहीत नाही. ती माणसं आणि तुमचे महाकाय एकच, असं हाडांवरून म्हणता येत नाही. लिहिणारा माणूस यायच्या फार आधी ती संपली होती.” इतके एका दमात मी तिथे कधीच बोलले नव्हते. पाय दुखत होते. तरी बाकावर बसावेसे वाटले नाही.

“बरं झालं आधी सांगितलंत,” ते म्हणाले. सुरात बरे काहीच नव्हते.

नाताळनंतर ते पुन्हा नळापाशी भेटले. मी विचारण्याआधीच त्यांनी सांगितले. महाकायांऐवजी त्यांनी मुलाला माझ्या शब्दाचाच घोटाळा सांगितला होता.

“हसला. ताटावर हसला, ताई. म्हणाला, अप्पा, घोटाळा झाला तर तुमच्या बाई येऊन सांगतात तरी.”

“आणि चर्चला?”

“नाही आला.” त्यांनी छत्री दुसऱ्या काखेत घेतली. “पलाव मात्र दोनदा घेतला.”

नव्या वर्षात पलीकडच्या वर्गात महाकायांचा भाग पुन्हा आला. माझी मुले सवयीने आडोशाकडे पाहू लागली. पलीकडून मेष्ट्रूंचा आवाज सपाट येत राहिला. महाकाय आले आणि ते न थांबता पुढच्या ओळीवर गेले. मी खडू घेऊन फळ्याकडे वळले. मग मुलांना वह्या उघडायला सांगितल्या.