नलूताईंचा आवाज

नलूताईंचा आवाज मूळचा खणखणीत होता, हे आज रत्नागिरीत कुणाला सांगितलं तर पटायचं नाही. मांडवीच्या किनाऱ्यावरून हाक मारली तर होडीतल्या माणसाने वळून बघावं, असा.

ऐंशीच्या दशकात निवडणुका आल्या की मुंबईची एक संस्था लोकांचा कौल अजमावायची. आमच्याकडचं ते काम निवृत्त शिक्षिका असलेल्या नलूताई बघत. मी त्यांच्या हाताखाली. ओटीवर पुरुषांना विचारून झालं की "जरा पाणी देतेस गो?" म्हणत त्या थेट मागल्या दारी जात आणि बायकांना एकेकटं गाठत. "ओटीवर सगळ्या घराचं मिळून एकच उत्तर असतं रे. मला प्रत्येकीचं वेगळं हवं." आणि समोरच्या बाईला सांगत, "तुझं उत्तर तुझ्या देवालासुद्धा कळायचं नाही."

पालीच्या पुढच्या एका गावात पुढाऱ्याच्या सुनेने लाकडं रचता रचता सासऱ्याच्या विरोधी पक्षाचं नाव घेतलं. नलूताईंनी खात्रीसाठी ते नाव पुन्हा उच्चारलं आणि शेजारी उभा राहून मीच ते लिहून घेतलं.

नंतर नलूताई पुढच्या वाडीत गेल्या आणि पुढाऱ्याने मला हॉटेलात चहा पाजला. "काय साहेब, गाव आपलं पक्कं ना?"

मला मिरवायची हौस. म्हटलं, "गावाचं राहू द्या, आधी घर सांभाळा!"

सगळे हसले. तोही हसला, पण हातातला कप त्याने खाली ठेवला. हे मी आज प्रथमच लिहितो आहे.

दुसऱ्या फेरीला पुन्हा त्याच घरी गेलो, तर मागल्या दारी बाकडं टाकून सासरा बसलेला. "इचारा की!"

सुनेने मान वर केली नाही. "मामंजी सांगतील तेच."

"गणपतीला माहेरी नाय धाडलान तिला," शेजारीण कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी हळूच म्हणाली.

परतताना एसटीत नलूताई पालीपर्यंत मांडीवरचे कागद पुन्हा पुन्हा सारखे करत होत्या. मग म्हणाल्या, "मेला माझाच आवाज. ओटीपर्यंत गेला असणार."

मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "असेल."

तेव्हापासून त्या हळू बोलू लागल्या. मासळीबाजारातसुद्धा. "ताई, भाव करताय की मंत्र म्हणताय?" कोळीण चिडवायची. त्या नुसत्या हसायच्या. मी पिशवी धरून शेजारी उभा असायचो.

त्या गेल्या तेव्हा शोकसभेत जो तो त्यांच्या मृदू बोलण्याविषयीच बोलला. शेवटी मलाही उभं केलं.

"फार हळू बोलायच्या," मी म्हणालो, आणि खाली बसलो.