सरांची लटकमाशी

आमच्या किडेवाल्यांच्या ग्रुपमध्ये किडे कमी आणि किस्से जास्त जमतात. दर रविवारी चार मोठी माणसं तासभर एकाच पानाकडे बघत उभी राहिली, की दुसरं काय होणार?

ग्रुपचे म्होरके आमचे सर, डोंबिवलीचे रिटायर्ड प्रोफेसर. त्यांना एकदा जिवंत लटकमाशी बघायची होती. कॉलेजात टाचणीने टोचलेली पाहिलेली, तेवढीच. नाव त्यांनीच ठेवलेलं, कारण तिला धड उभंच राहता येत नाही. पुढच्या पायांनी गवताला लटकते आणि मागच्या पायांनी शिकार झेलते. पंचाईत अशी की क्रेनफ्लाय नावाची दुसरी माशी जवळजवळ तशीच दिसते, लांबच लांब पायांच्या डासासारखी. फरक पंखांत. लटकमाशीला चार, क्रेनफ्लायला दोन.

मी नवीन असताना बाथरूममध्ये एक दिसली. साबणाच्या हातानेच फोटो पाठवला. सरांचा रिप्लाय आला, "पंख मोज." मोजले. दोन.

"तिला खिडकीतून सोड आणि अंघोळ उरक."

ग्रुपमधल्या बाळकुमच्या मनीषाचा किस्सा याच्याही वरचा. तिच्या टॉवरच्या जिन्यात क्रेनफ्लाय भरल्या. लोक म्हणाले, राक्षसी डास आलेत, औषध मारा. ही फवारणीवाल्यासमोर आडवी उभी. "अहो, या चावत नाहीत!"

सेक्रेटरी वैतागले. "मॅडम, तुम्ही यांच्या कोण लागता?"

मनीषा शांतपणे म्हणाली, "मावशी." फवारणी रद्द झाली.

एकदा सर घरी आम्हाला सांगत होते, लटकमाशीतला नर मादीला भेटायला रिकाम्या हाताने जात नाही, शिकार घेऊन जातो. काकू चहा गाळता गाळता म्हणाल्या, "बघा. आणि तुम्ही काल कोथिंबीर विसरलात."

मग सरांच्या डोळ्यांचा पडदा बिघडला. आम्हाला ते आवाजावरून ओळखायला लागले. आता सुधारणा नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. मला फार वाईट वाटलं. सरांनी मात्र एक रविवार चुकवला नाही.

श्रावणात आम्ही आंबिवलीला गेलेलो. टेकडीखालचा ओढा, ओलं गवत, पिवळसर ऊन. एका काडीला ती लटकलेली, वाऱ्यावर हलकेच झुलत. मी वाकून पंख मोजले. दोन.

"काय आहे रे?" सरांनी विचारलं.

"लटकमाशी, सर."

"पंख?"

"चार."

मनीषा माझ्याकडे बघतच राहिली. सर चिखलात गुडघे टेकून बसले, चेहरा काडीजवळ नेला.

"काय करतेय?"

"झुलतेय. मागच्या पायांत काहीतरी धरलंय."

"छान," ते म्हणाले. पावसाची एक सर येऊन गेली, पुन्हा ऊन पडलं, तरी ते तिथेच होते. आम्हीही भिजत उभे राहिलो.

स्टेशनबाहेर चहा घेताना मी वही काढली. दर रविवारची नोंद सर सांगतात, मी लिहितो. जागा झाली, हवा झाली. मग सरांनी चहाचा शेवटचा घोट घेतला.

"लिही. क्रेनफ्लाय, एक. पुढच्या रविवारी इथेच येऊ रे."