दिघीचा नावाडी

समाजशास्त्र शिकायला मी विलायतेला निघालो होतो. मुंबईहून बोट सुटायला पंधरा दिवस होते. निरोप घेत फिरताना दिघीहून आगरदांड्याला जायला होडीत बसलो. म्हातारा नावाडी डोळे मिटून वल्हवत होता. त्याला हातांनीच पाणी दिसत असावं.

"काय शिकाया चाललाव?" त्याने विचारलं.

"माणसं कशी जगतात ते."

त्याने वल्हं उचलून धरलं. होडी धुक्यात आपसूक तरंगत राहिली.

"मंग दोन दिस आमच्यात ऱ्हावा. आमी बी मानसंच हाव."

मी आठ दिवस राहिलो. तो जाळं विणत बोलायचा, मी ऐकायचो. लंडनमध्ये पहिला निबंध त्याच्यावरच लिहिला. प्राध्यापकांनी कौतुकाने त्याचं नाव विचारलं. ते तेवढं विचारायचं राहूनच गेलं होतं.